मदत हवी आहे: कनेक्शन गेलं की राउटर परत जोडलाच जात नाही

निशाचर:
तिसरी रात्र जागून काढतोय. आमचा मेसेज राउटर (रांगेतले मेसेज उचलून पुढे पाठवणारा प्रोग्रॅम) मध्येच गप्प होतो. ऑटो-रिकव्हरी चालू आहे, तरी परत जोडला जात नाही. हाताने रीस्टार्ट केला की सुरळीत, पण तोवर रांग तुंबलेली असते. रीट्राय (पुन्हा जोडण्याचे प्रयत्न) किती ठेवू? लवकर सांगा.

खटपट्या:
ब्रोकर (मेसेजच्या रांगा सांभाळणारा सर्व्हर) कोणता, क्लायंट (त्याला जोडणारी लायब्ररी) कोणता? लॉगमधली शेवटची एरर जशीच्या तशी टाका.

जुनाजाणता:
अ‍ॅक्टिव्हएमक्यूच्या फेलओव्हरमध्ये (तुटलेली जोडणी आपोआप पुन्हा जोडण्याच्या सोयीत) रीकनेक्टची मर्यादा ठरवून द्या. 5.6 आवृत्तीपासून डीफॉल्ट -1 आहे, म्हणजे प्रयत्न थांबतच नाहीत आणि मेसेज पाठवणारा थ्रेड तिथेच अडकतो. आम्ही भोगलंय.

निशाचर:
ब्रोकर रॅबिटएमक्यू आहे हो, जावा क्लायंट. लॉग काढतो.

पाणपोई:
काफ्कावर जा. पार्टिशनमध्ये क्रमही टिकतो.

खटपट्या:
क्रमाचं कुणी विचारलंय? माणूस रात्री अडकलाय, त्याला ब्रोकर बदलायला काय सांगता!

निशाचर:
मिळालं. 406, प्रीकंडिशन फेल्ड, डिलिव्हरी अ‍ॅकनॉलेजमेंट टाइम आउट, 1800000.

खटपट्या:
मग कनेक्शन गेलेलंच नाही, फक्त चॅनल (त्याच कनेक्शनमधली एक वाट) बंद झालाय. तो आकडा मिलिसेकंदांत आहे, म्हणजे 30 मिनिटं. एखादा मेसेज तेवढा वेळ पोचपावतीशिवाय, म्हणजे अ‍ॅकशिवाय राहिला म्हणून ब्रोकरने चॅनल बंद केला. जावा क्लायंटची रिकव्हरी कनेक्शन तुटल्यावर चालते, चॅनलच्या एररवर नाही. त्यामुळे रीट्राय वाढवून काही होणार नाही. चॅनलवर शटडाउन लिसनर (बंद झाल्याचं कळवणारा कोड) लावा, बंद झाला की नवा उघडून कन्झ्युमर (मेसेज घेणारा) पुन्हा नोंदवा.

जुनाजाणता:
एवढं कशाला? प्रोसेस सरळ बंद पडू द्या, सुपरवायझर (बंद प्रोसेस पुन्हा चालू करणारा प्रोग्रॅम) उठवेल.

खटपट्या:
403 आला, म्हणजे पासवर्ड किंवा परवानगी चुकली, तर जरूर बंद करा आणि माणसाला उठवा. इथे तो अ‍ॅक न मिळालेला मेसेज रांगेत परत जातो. प्रोसेस उठली की तोच पुन्हा हातात येणार आणि अर्ध्या तासाने तेच. निशाचर, मेसेज हाताळताना बाहेर कुठे कॉल करता का?

निशाचर:
करतो, एचटीटीपी कॉल. आत्ता कोड उघडून पाहिला, त्याला टाइमआउटच नाही! 10 सेकंदांचा लावतोय. वेळ संपली की मेसेज रीक्यू न करता (रांगेत परत न टाकता) नाकारला, तर डेड लेटर रांगेत (नाकारलेल्या मेसेजच्या वेगळ्या रांगेत) आपोआप जाईल ना?

खटपट्या:
मूळ रांगेवर डेड लेटर एक्स्चेंज (नाकारलेले मेसेज तिकडे वळवणारा) लावलेला असेल तरच. नसेल तर मेसेज कायमचा गेला. आधी ते तपासा, मग नाकारा.