कारखाना परदेशी गेला की गाडीची बांधणी बदलते का? नाशिककरांचे अनुभव

धागाकर्ता, इंदिरानगर

जानेवारी 2016 मध्ये इंग्लंडमधील सोलिहलच्या कारखान्यातून जुन्या बांधणीची शेवटची लँड रोव्हर डिफेंडर बाहेर पडली आणि 1948 पासून तिथे चालत आलेला एक वंश थांबला. 2020 मध्ये त्याच नावाची नवी गाडी बाजारात आली, ती स्लोव्हाकियातील नित्रा येथून, आणि लॅडर फ्रेमऐवजी (शिडीसारख्या पोलादी चौकटीऐवजी) अ‍ॅल्युमिनियमच्या एकसंध सांगाड्यावर. जुन्या बांधणीच्या चाहत्यांसाठी दुसऱ्या कंपनीने काढलेली ग्रेनेडियर ही गाडी वेल्समधील ब्रिजेंडला बनेल असे आधी जाहीर झाले होते. ती आता फ्रान्समध्ये बनते. 'तिकडे बनलेली गाडी पूर्वीसारखी दणकट असेल का' ही शंका त्यामुळे पुनःपुन्हा कानावर येते.

नाशिकने या शंकेच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. 2002 ची स्कॉर्पिओ आपल्या गावात घडली, 2020 ची थारही इथेच घडली. आणि स्कॉर्पिओ इटलीत 'गोवा' या नावाने विकली जात होती, तेव्हा तिथल्या गिऱ्हाइकाच्या लेखी 'परदेशी कारखाना' म्हणजे आपणच होतो. म्हणून ज्यांनी अशा गाड्या स्वतः बांधल्या, दुरुस्त केल्या किंवा चिखलपाण्यात चालवल्या, त्यांनी आपला अनुभव लिहावा ही विनंती. ऐकीव माहिती नको. दोष सांगताना कंपनीचे नाव लिहू नये, म्हणजे चर्चा बांधणीवर राहील.

निवृत्त गुणवत्ता निरीक्षक, सातपूर

मी 31 वर्षे बॉडी शॉपमध्ये, म्हणजे गाडीचा सांगाडा जोडणाऱ्या विभागात, काढली. एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात मॉडेल हलते तेव्हा काय घडते, हे मी दोनदा जवळून पाहिले. भाग जागेवर धरून ठेवणारे साचे, म्हणजे जिग आणि फिक्स्चर, ट्रेलरवर लादून येतात, ड्रॉइंग येतात, प्रत्येक बोल्ट किती जोराने (टॉर्कने) आवळायचा याचे तक्ते येतात. पण जुन्या लाईनवरच्या माणसाला जे हाताने कळलेले असते, ते कागदावर नसते. एका दाराची बिजागरी बसवताना जुन्या ठिकाणचा फिटर दार किंचित वर उचलून धरत असे, कारण रबर बसल्यावर दार तेवढेच खाली येते हे त्याला ठाऊक होते. आमच्याकडे पहिले तीन महिने दारे ड्रॉइंगप्रमाणे अचूक बसली आणि नंतर घासू लागली. अखेर त्या कारखान्यातील दोन ज्येष्ठ कामगारांना पंधरा दिवसांसाठी बोलावून घेतले, तेव्हा उलगडा झाला.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. जुन्या ठिकाणचा व्हेंडर, म्हणजे भाग पुरवणारा, वीस वर्षे तोच पत्रा दाबत असतो. नव्या ठिकाणी नवा व्हेंडर येतो, त्याच्या नमुन्यांना मंजुरी मिळते, परंतु मंजुरीचे नमुने आणि रोजचा माल यांत फरक पडू शकतो. हा फरक लाईनवर पकडला जातो की गिऱ्हाइकाच्या दारात, यावर सारे अवलंबून असते. स्पॉट वेल्ड, म्हणजे दोन पत्रे ठिपक्यात जोडणारा सांधा, नीट धरला आहे की नाही, हे छिन्नी घालून पाहण्याची पद्धत आमच्याकडे होती. उत्पादनाचा आकडा गाठायचा असला की सर्वांत आधी कात्री याच तपासणीला लागते, आणि ती कोणत्याही देशात लागते. माझे स्पष्ट मत असे की हलवलेल्या मॉडेलची पहिल्या वर्षातील गाडी घेऊ नये.

गंगापूर रोड

काकांच्या शेवटच्या वाक्याने मला चटका बसला, कारण मी नेमकी तशीच गाडी घेतली. उत्पादन मूळ देशातून दुसऱ्या देशात गेले आणि पहिल्याच वर्षाची गाडी माझ्या वाट्याला आली. पहिल्या पावसाळ्यात इगतपुरीहून भावली धरणाकडे गेलो, वाटेत गुडघाभरही पाणी नव्हते, तरी घरी परतल्यावर डाव्या बाजूच्या पुढच्या आसनाखालचा गालिचा ओला लागला. सर्व्हिस सेंटरने दोन वेळा दाराचे रबर बदलले. तिसऱ्या वेळी गालिचा उचलला, तर खालून जाणाऱ्या वायरिंगच्या एका जोडावर हिरवट थर आलेला होता. इतके पैसे मोजून घेतलेल्या गाडीत असे घडावे याचे फार दुःख झाले.

गॅरेजवाला, द्वारका

माझ्याकडे गाडी लिफ्टवर चढते तेव्हा ती कोणत्या देशाची आहे हे मी शेवटी पाहतो. आधी शॅसीच्या, म्हणजे गाडीखालच्या चौकटीच्या, पेटीसारख्या भागातील पाणी निघण्याची छिद्रे उघडी आहेत का, आत गंज रोखणारे मेण फवारले आहे का, आणि महत्त्वाच्या बोल्टांवर आवळल्याची रंगाची खूण आहे का, एवढे तपासतो. निफाडकडची काळी माती या छिद्रांत एकदा बसली की सिमेंटसारखी घट्ट होते, आणि मग गंज आतून बाहेर येतो. वरून रंग चकचकीत दिसत राहतो. जुनी म्हणून पूजली जाणारी प्रत्येक गाडी चांगलीच असते, हेही खरे नाही. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पोलादी चौकटीला थेट टेकला आणि मध्ये ओल राहिली, तर अ‍ॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखे झडते. अशा, मूळ देशातच बनलेल्या गाड्यांच्या दारांची कड मी बोटाने उकरून काढली आहे.

दिंडोरी

द्राक्षबागेत आमची जीप 24 वर्षे चालू आहे. तिचा कमानपाटा तुटला तर संध्याकाळपर्यंत गावात मिळतो. आम्ही दणकटपणा म्हणतो तो यालाच.

नाशिकची माहेरवाशीण, मुक्काम बर्मिंगहॅम

मी सोलिहलपासून अर्ध्या तासावर राहते आणि सुटे भाग पुरवणाऱ्या एका लहान संस्थेत काम करते. 2018 मध्ये लँड रोव्हरच्याच डिस्कव्हरीचे उत्पादन स्लोव्हाकियाला नेण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा आमच्या कामगारांच्या बोलण्यात राग कमी आणि काळजी अधिक होती. सोलिहल बंद पडले नाही, तिथे रेंज रोव्हर बनत राहिली. पण दाराचे आतील आवरण बसवणाऱ्याला नवे काम मिळेलच असे नसते. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी मला विचारले होते, "तुमच्या देशात बनलेली गाडी तुम्ही घ्याल का?" मी त्यांना सातपूरला कामाला असलेल्या माझ्या वडिलांविषयी सांगितले, चुकीचा वेल्ड दिसला तर ते रात्री जेवताना अस्वस्थ असत. 2024 मध्ये रेंज रोव्हरची जुळणी पुण्यात होणार अशी बातमी आली, तेव्हा तेच गृहस्थ आपणहून माझ्याशी बोलायला आले.

धागाकर्ता

ताईंच्या शेजाऱ्यांचा प्रश्न आता उलट दिशेनेही विचारला जाऊ लागला आहे. पाच दारांची सुझुकी जिम्नी गुरुग्रामला बनते. जानेवारी 2025 मध्ये ती जपानमध्ये सादर झाली आणि काही दिवसांतच सुमारे 50,000 मागण्या नोंदल्या गेल्याने नोंदणी थांबवावी लागली. बांधणीबाबत इतका काटेकोर असणारा गिऱ्हाईक भारतात बनलेल्या गाडीसाठी रांग लावतो, याचा मला मनापासून आनंद झाला.

लघुउद्योजक, अंबड

आमचा कारखाना गाडीच्या सांध्यांत धक्के शोषणारे रबरी बुश बनवतो. एका परदेशी कंपनीने इथले उत्पादन थांबवले, तेव्हा तीन साचे आमच्याकडे तसेच पडून राहिले. त्या गाडीचे मालक आजही फोन करतात, पण शंभर नगांसाठी साचा चढवणे परवडत नाही. कारखाना हलतो तेव्हा नव्या गाडीच्या दर्जाची चर्चा सर्वत्र होते. जुन्या गाडीचे सुटे भाग पुढील दहा वर्षे कोण देणार, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. दिंडोरीच्या दादांनी एका ओळीत लिहिले ते मला पूर्ण पटते.

निवृत्त गुणवत्ता निरीक्षक, सातपूर

गंगापूर रोडच्या साहेबांना एक सुचवतो. रबर पुन्हा बदलू नका. गालिचा पूर्ण काढा, पुढील पत्रा आणि जमिनीचा पत्रा जिथे मिळतात त्या सांध्यावर बॅटरीचा प्रकाश टाका, आणि बाहेरून कोणाला तरी पाण्याचा पाइप धरायला सांगा. तिथली सीलंटची रेघ सलग आहे का, तेवढे पाहा. कोपऱ्यात हात वळवावा लागतो, तिथे ती तुटते.

गंगापूर रोड

काका, काल द्वारकेच्या गॅरेजवाल्या दादांकडे गाडी नेली आणि आपण सांगितले तसेच केले. कोपऱ्यात चार बोटे जागेत सीलंट नव्हते. पाणी तिथूनच येत होते. दादांच्या ओळखीतल्या दोघांची हीच गाडी त्याच वेळी मागवून घेतली. एक कारखाना हलण्यापूर्वीची, मूळ देशात बनलेली. तिच्या त्या कोपऱ्यात सीलंट बोटाने पसरल्याची खूण स्पष्ट दिसत होती. दुसरी नव्याच कारखान्यातली, पण माझ्या गाडीनंतर दोन वर्षांनी बनलेली. तिच्यातही तीच बोटाची खूण होती. माझ्या गाडीत दादांनी जागा घासून, सुकवून सीलंट भरले. शेवटचा हात मी माझ्या बोटाने फिरवला.