साउथ फोर्क क्लब आणि जॉन्स्टाउनचा पूर

श्रीमंतांच्या खासगी क्लबांमुळे निदान जंगलं आणि तळी तरी राखली गेली, असं काही जण म्हणतात. पेनसिल्व्हेनियातल्या साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लबचा इतिहास पाहिला की हे पटत नाही. १८७९ मध्ये पिट्सबर्गच्या धनिकांसाठी तो निघाला. कार्नेगी, फ्रिक, मेलन असे बडे उद्योगपती आणि बँकवाले त्याचे सभासद. तिथलं तळं म्हणजे जुन्या मातीच्या धरणाचं पाणी. पाणी सोडायचे लोखंडी पाइप आधीच्या मालकाने भंगारात विकलेले, ते क्लबने परत बसवलेच नाहीत. उलट बग्ग्या नीट जाव्यात म्हणून धरणाचा माथा कापून खाली आणला आणि तळ्यात सोडलेले महागडे मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या ठोकल्या. धरणाखालच्या जॉन्स्टाउन शहरातल्या कँब्रिया आयर्न या लोखंड कंपनीचा प्रमुख डॅनियल मॉरेल याने इंजिनिअर पाठवून धोका दाखवला, दुरुस्तीला पैसेही देऊ केले. क्लबने नकार दिला.

३१ मे १८८९ ला मुसळधार पावसात त्या जाळ्यांत ओंडके-काटक्या तुंबल्या, धरण फुटलं आणि जॉन्स्टाउन परिसरात २,२०९ माणसं गेली. मला खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. काही सभासदांनी मदतनिधीला पैसे दिले, पण कोर्टातून क्लबकडून एकाही कुटुंबाला भरपाई मिळाली नाही.