लिगंडचे (मधल्या धातूला जोडल्या जाणाऱ्या रेणू-आयनांचे) प्रकार शिकवताना सुरुवात कुठून करावी?

नीलकाच: बारावीच्या मुलांना मोनोडेंटेट, बायडेंटेट, हेक्साडेंटेट (धातूला एक, दोन, सहा टोकांनी धरणारे) ही जंत्री तोंडपाठ असते. बंध कसा होतो विचारलं, की ठरलेलं उत्तर येतं: लिगंड इलेक्ट्रॉनची जोडी देतो, धातू घेतो. अमोनियापुरतं ठीक. पण कार्बन मोनॉक्साइड? तो कार्बनकडून जोडी देतो आणि धातूच्या डी-ऑर्बिटलमधले इलेक्ट्रॉन आपल्या रिकाम्या पाय-स्टार (बंध कमकुवत करणाऱ्या) ऑर्बिटलमध्ये घेतोही. त्यामुळे त्याचा स्वतःचा कार्बन-ऑक्सिजन बंध ढिला पडतो, आणि हे इन्फ्रारेडमध्ये चक्क मोजता येतं. बंधाच्या कंपनाचा आकडा मोकळ्या वायूत २१४३ प्रति सेंमी, क्रोमियम हेक्साकार्बोनिलमध्ये साधारण २०००; आकडा कमी म्हणजे बंध ढिला. सिग्मा-दाता (नुसती जोडी देणारा), पाय-दाता (पाय-ऑर्बिटलमधूनही देणारा), पाय-ग्राही (धातूकडून परत घेणारा) हीच वर्गवारी आधी यायला हवी.

ब्युरेटवाला: साफ असहमत. पाय-स्टार मुलांना दिसत नाही, ब्युरेट दिसते. पाण्याचा कठीणपणा काढताना इडीटीए हा लिगंड थेंब थेंब सोडा. एरिओक्रोम ब्लॅक टी या इंडिकेटरचा वाइनसारखा लाल रंग आधी जांभळट होतो आणि मग स्वच्छ निळा. दोन नायट्रोजन, चार ऑक्सिजन अशा सहा टोकांनी इडीटीए मॅग्नेशियमला इंडिकेटरकडून हिसकावून घेतो. आणखी एक बघा. निकेलभोवती सहा अमोनिया असोत की तीन इथिलीनडायअमीन (प्रत्येकी दोन टोकं), नायट्रोजन सहाच. तरी स्थिरता-स्थिरांकाचा लॉग (मोठा म्हणजे जास्त स्थिर) ८.६ वरून १८.३ वर जातो. टोकं मोजणं फालतू कसं?

नीलकाच: फालतू म्हटलेलंच नाही. कीलेटमुळे (एकाच लिगंडने अनेक टोकांनी धातू धरल्यामुळे) एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्था, वाढते, मान्य. पण स्पेक्ट्रोकेमिकल मालिका (कोणता लिगंड धातूच्या डी-पातळ्यांमध्ये किती फट पाडतो याचा क्रम) पोरं का घोकतात? ऋणभार असून हायड्रॉक्साइड पाण्याच्या खाली, आणि भार नसलेला कार्बन मोनॉक्साइड सगळ्यात वर. टोकं मोजून याचं उत्तर सापडत नाही. हायड्रॉक्साइड पाय-दाता आहे, तो टी-टू-जी (खालची डी-) पातळी वर ढकलतो, फट कमी होते. एवढं कळलं की घोकंपट्टी संपली.

कोबाल्टप्रेमी: नायट्राइट दोघांनीही सोडला! कोबाल्ट तोच, पाच अमोनिया तेच. नायट्राइट नायट्रोजनकडून जोडला तर पिवळा, ऑक्सिजनकडून तर लाल. वर्नर आणि योर्गेनसेन या रसायनशास्त्रज्ञांच्या काळापासून माहीत असलेली ही जोडी. लाल क्षार नुसता ठेवला तरी हळूहळू पिवळा होतो. टोक दोन्हीकडे एकच, म्हणजे मोजणी इथे गप्प. माझं मत नीलकाच यांना.

ब्युरेटवाला: नायट्राइटचा मुद्दा बिनतोड. पण तोही रंगच आहे, डोळ्यांनी दिसणारा! आधी ते दोन क्षार मुलांच्या हातात द्या, ऑर्बिटलची चित्रं पुढच्या तासाला. हा क्रम मी सोडणार नाही.