एस्पेरांतोतला ‘रेजो’ आपल्या ‘राजा’वरून आला का?

नौपाडेकरीण
दोन महिने झाले, ठाणे-वाशी लोकलमध्ये मोबाइलवर एस्पेरांतो ही मुद्दाम रचलेली भाषा शिकते आहे. काल रबाळ्याच्या आसपास शब्द आला : रेजो, म्हणजे राजा. राणी ती रेजीनो. बाकीचे शब्द परके वाटतात, हा मात्र घरचाच वाटला. ही भाषा रचणाऱ्या झामेनहोफ यांनी १८८७ मध्ये वॉर्सात तिचं पहिलं पुस्तक काढलं, तेव्हा संस्कृतातून काही घेतलं होतं का? मुलगी आठवीत आहे, तिने विचारलंय. तिला चुकीचं सांगायचं नाही.

घणसोली_८२
लॅटिन ‘रेक्स’वरून आहे, ताई. संस्कृतशी संबंध नाही.

वाशीचा संस्कृत मास्तर
संबंध आहे, पण चुलत घराण्याचा. लॅटिन रेक्सचं मूळ अंग ‘रेग्’. ते आणि आपलं ‘राजन्’ एकाच जुन्या धातूची लेकरं. संस्कृत आणि लॅटिन ज्या एका जुन्या भाषेतून आल्या, तिच्यातला एक ध्वनी संस्कृतात ‘ज’ झाला, लॅटिनमध्ये ‘ग’ राहिला. मुलीला दोन जोड्या दाखवा : आपला जानु, त्यांचा गेनु, दोन्ही गुडघेच. आपला जन, त्यांचा गेनुस.

मग रेजोत ‘ज’ कुठून? तो युरोपातच पिकला. लॅटिनचा ‘ग’ पुढे इ-ए आले की मऊ झाला. इटालियनमध्ये राणीला रेजीना म्हणतात. आपल्याकडे ‘माझा’ म्हणताना झ दाताशी असतो, ‘माझी’ म्हटलं की टाळूकडे सरकतो, तसंच काहीसं. म्हणजे दोन्ही ‘ज’ स्वतंत्रपणे घडले. मला हे फार सुंदर वाटतं.

एस्पेरांतोत साधा ‘ग’ असलेला ‘रेगी’ही आहे, अर्थ राज्य करणे. रेजोतला ‘ज’ टोपीवाल्या ‘ĝ’ने लिहितात, त्या अक्षरामुळे राजा आणि राज्य करणे हे दोन वेगळे धातू झाले. ‘-इन-’ हा स्त्रीवाचक प्रत्यय, पात्रो-पात्रीनो (बाप-आई) मधलाच. तो लावून रेजीनो.

नौपाडेकरीण
सर, माझा-माझी मोठ्याने म्हणून पाहिलं, जीभ खरंच सरकते! मग आपल्याकडून थेट गेलेला शब्द एकही नाही?

वाशीचा संस्कृत मास्तर
आहे की. ‘महाराजो’. तो मात्र इथूनच गेलेला पाहुणा, शेवटी फक्त नामाचा ‘ओ’ लागला.