मदत हवी आहे: रस्त्याकडेला झाडं लावायची आहेत, पण शेजारी म्हणतात धोका आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंच्या फुटपाथवर मिळून २२ झाडं लावायचं ठरलं होतं. रोपं ठरली, खड्डे कोण खणणार ते ठरलं आणि परवाच्या बैठकीत सगळं फिसकटलं. विरोध करणारी माणसं झाडांची वैरी असती तर सोपं होतं. तशी ती नाहीत.

एक काकू म्हणाल्या, गेल्या वर्षी गुलमोहराची फांदी पडली तेव्हा मी पाचच मिनिटं आधी स्कूटरवरून उतरले होते. (खरं आहे, फांदी बाजूला करायला मीही होतो. सीटचा पार चेंदामेंदा झाला होता.) दुसऱ्या ताईंची मुलगी रात्री क्लासवरून चालत येते, दिवे आधीच मिणमिणते, त्यात झाडांची सावली नको म्हणतात. कोपऱ्यावरच्या आजोबांना गाडी बाहेर काढताना रस्ता दिसणार नाही अशी भीती आहे. शिवाय उचकटलेल्या पेव्हर ब्लॉकला अडखळून एक आजी पडल्या होत्या, तेही निघालंच.

माझ्याकडे उत्तर म्हणून "अहो, पण झाडं हवीतच की" एवढंच होतं. बैठकीत ते फारच केविलवाणं वाटलं. यातलं खरं किती, भीती किती आणि करायचं काय?

मातीचेपाय:
काकूंचं बरोबर आहे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. दिसायला देखणा, पण लाकूड ठिसूळ आणि मुळं वरच्यावर पसरणारी. सोनमोहरही त्याच माळेतला. वर्दळीच्या रस्त्यावर दोघेही नकोत.

पण सगळं जातीवर ढकलू नका. पुढच्या वेळी उन्मळलेलं झाड दिसलं तर मुळांचा गड्डा बघा. पुष्कळदा एका बाजूची मुळं पट्टी लावल्यासारखी सरळ कापलेली असतात. कधीतरी केबलसाठी किंवा ड्रेनेजसाठी तिथे चर मारलेला असतो. झाडाची मुळं खोल पाताळात जातात हा आपला समज. बहुतेक मुळं वरच्या मीटरभर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. चर मारला की त्या बाजूचा आधार गेला. झाड त्याच दिवशी पडत नाही. चार-पाच वर्षांनी वादळात पडतं आणि आपण वाऱ्याला बोल लावतो.

दुसरा घात म्हणजे बुंध्याला भिडवलेलं काँक्रीट. दिल्लीत २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाला आदेश द्यावा लागला, की झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा.

धागाकर्ता:
आणि पेव्हर उचकटतात त्याचं काय? ती तर मुळांचीच करामत ना?

मातीचेपाय:
मुळांचीच, पण बिचारी जाणार कुठे? पेव्हरखालची माती रोलर फिरवून दगडासारखी केलेली असते. हवा आणि ओल मिळते ती फक्त पेव्हरच्या लगेच खाली. मूळ तिथे शिरतं, जाड होतं आणि फरशी वर येते. उपाय म्हणजे खाली जागा देणं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात यासाठी एक मिश्रण तयार केलंय: फोडलेली खडी आणि माती, वजनाने साधारण ८० ला २०. खडीवर खडी टेकून फुटपाथचा भार पेलते आणि मधल्या पोकळीत माती व मुळं राहतात. तेवढं जमणार नसेल तर निदान दोन फुटी चौकोन खणू नका. फुटपाथच्या लांबीच्या दिशेने लांबट खड्डा घ्या.

दिवेलागण:
ताईंच्या मुद्द्याला हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातल्या घरांचा एक अभ्यास २०१२ साली आला होता. जिथे मोठी, उंच झाडं होती तिथे गुन्हे कमी आढळले. आणि जिथे बुटकी, खिडकीसमोर नजर अडवणारी झाडं होती तिथे जास्त. झाडांमुळेच तसं झालं असं यातून सिद्ध होत नाही, पण धडा घेण्यासारखा आहे. खोड माणसाच्या डोक्याच्या बऱ्यापैकी वरपर्यंत मोकळं ठेवा, खाली झुडपं लावूच नका. दिव्याचा खांब आणि झाड शेजारी शेजारी नको. दिवा पालवीच्या खाली आला तर उत्तम, नाहीतर उजेड पानांवर आणि अंधार पायाखाली.

खडूसकाका:
आजोबांशी वाद घालू नका. वळणापासून आठ-दहा मीटर झाड नकोच. आणि ट्री-गार्डवर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा बोर्ड लटकला की खोडापेक्षा तोच जास्त रस्ता अडवतो, हेही बघा.

बाकी, झाड की वाहन हे भांडण जुनं आहे. फ्रान्समध्ये रस्त्याकडेची झाडं अपघाताच्या नावाखाली तोडली जात होती, तेव्हा १९७० साली खुद्द राष्ट्राध्यक्ष पाँपिदू यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून विरोध केला होता. अर्थात तो वेगाच्या मोठ्या रस्त्यांचा प्रश्न. तुमच्या गल्लीत कोणी ऐंशीने गाडी हाणत असेल तर त्यासाठी वेगळा धागा काढा.

झाडवेडी:
रोप घेताना पिशवी फाडून मुळं बघा हो. पिशवीत मुळं गोल गोल फिरलेली असतात. ती तशीच लावली तर पुढे जाड होऊन बुंध्यालाच फास बसतो. फिरलेली मुळं लावतानाच कापायची. बुंधा जिथे मुळांकडे रुंदावतो तो भाग मातीत गाडायचा नाही. आधाराची काठी वर्षभराने काढायची, कारण थोडं हलल्यानेच खोड मजबूत होतं.

आणि छाटणी लहानपणीच करा. दोन सारख्या जाडीच्या फांद्या अरुंद बेचक्यात वाढल्या तर पुढे तिथेच झाड चिरतं. अंगठ्याएवढी फांदी कापली तर जखम भरून येते. मांडीएवढी कापली तर आत कूज शिरते. काकूंच्या स्कूटरवर काय पडलं ते या हिशोबाने बघा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. काल टेप घेऊन गल्ली फिरलो, मुद्दाम आजोबांनाच बरोबर घेतलं. २२ पैकी पाच जागा रद्द केल्या: दोन वळणाजवळ, दोन दिव्यांखाली, एक चेंबरच्या डोक्यावर. आता आजोबा स्वतःच लोकांना सांगत फिरताहेत की नकाशा त्यांनी केला. असू दे. गुलमोहर बाद, बकुळ आणि करंज आले, तारांच्या बाजूला कांचन.

एकच राहिलं. केबलवाले चर मारायला आले तर त्यांना काय सांगायचं? "झाडाला लागेल" म्हटलं तर हसतात.

मातीचेपाय:
मुळांच्या खालून आडवं बोअरिंग करा म्हणावं, ते होतं. नाहीच जमलं तर झाडाच्या घेरात मशीन आणायचं नाही, हाताने खणायचं आणि मनगटाएवढं मूळ लागलं की त्याच्या खालून केबल घालायची. आणि आजोबांना खुर्ची टाकून तिथे बसवा.