मदत हवी आहे: आईची मानसिक तपासणी मोबाईलवर मराठीतून होईल का?

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. बाबा गेल्यापासून आईची झोप उडालीय, पहाटे तीनला उठून चुलीपुढं बसून राहते. सारखं धारवाडला नेणं तिला झेपत नाही, म्हणून डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल सुरू केला.

त्याआधी मोबाईलवर पीएचक्यू-९ (नैराश्य किती आहे ते बघायची प्रश्नावली) भरायचं होतं: गेल्या २ आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. आलं कन्नड आणि इंग्रजीत. आईचं कन्नड बाजारापुरतं, मनातलं सांगण्याइतकं नाही. मग मीच मराठीत विचारत गेलो. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा. पदराचं टोक पिळत, माझ्याकडं न बघता ती "नाही" म्हणाली. पोटच्या पोरासमोर दुसरं काय म्हणणार? मी ० भरलं. डॉक्टरांना हे कळवलंय, पण जिवाला चैन नाही.

बेळगाव-निपाणीकडं व्हिडिओवर मराठीत बोलणारे समुपदेशक माहीत आहेत का? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कर्नाटकातून कुणाला मराठीत बोलायला मिळालं का? प्रश्नावलीचं तपासलेलं मराठी रूप असेल तर तेही पाठवा, माझ्या भाषांतरावर तिचं औषध ठरायला नको. तिला दार लावून एकटीनं बोलता यावं, एवढंच हवंय.