रिकार्दो फर्नांडेस: उद्योगपती, की चावेझचा कोठावळा?

जुना हिशेबनीस

समाजवादाने उद्योजक कसे संपवले याची यादी निघाली की व्हेनेझुएलाच्या रिकार्दो फर्नांडेस बार्रुएकोचं नाव त्यात कोणीतरी घुसडतंच. परवा इथेही एकाने घुसडलं, म्हणून हा वेगळा धागा. माझं म्हणणं आधीच सांगतो. या माणसाला हुतात्मा उद्योजक म्हणणं म्हणजे कोठावळ्याला, धन्याचं कोठार सांभाळणाऱ्या नोकराला, जमीनदार म्हणणं.

प्रकरण ठाऊक नसलेल्यांसाठी: डिसेंबर 2002 मध्ये समाजवादी राष्ट्राध्यक्ष ह्युगो चावेझविरुद्ध देशभर संप झाला आणि तो दोन महिने चालला. सरकारी तेल कंपनी ठप्प, दुकानं बंद, आणि तेलावर तरंगणाऱ्या देशात पेट्रोलसाठी रांगा. बडे व्यापारी संपाच्या बाजूने. तेव्हा फर्नांडेसला फारसं कोणी ओळखत नव्हतं. त्याने आपले ट्रक सरकारसाठी बाहेर काढले आणि धान्य हलवलं. संप मोडला, तेल कंपनीतल्या 18,000 च्या आसपास लोकांना घरी बसवलं गेलं, आणि लोकांचं पोट विरोधकांच्या हातात ठेवायचं नाही हे चावेझने मनाशी पक्कं केलं. एप्रिल 2003 मध्ये ‘मेरकाल’ सुरू झालं, म्हणजे गरीब वस्त्यांतली सरकारी स्वस्त धान्य दुकानं. तिथे माल पुरवणाऱ्यांत फर्नांडेस पहिल्या रांगेत.

पुढची सहा वर्षं वाढच वाढ. मक्याचं पीठ, मालवाहतूक, ट्यूना पकडणारी जहाजं. लोक त्याला मेरकालचा झार म्हणू लागले. 2009 मध्ये त्याने बँकांकडे मोर्चा वळवला आणि कनारियास, बानप्रो, कॉन्फेडेराडो आणि बोलिव्हार अशा चार बँका ताब्यात घेतल्या. 20 नोव्हेंबरला सरकारने चारही बँकांवर प्रशासक बसवले. भांडवल आलं कुठून ते दाखवता येत नाही, हे एक मुख्य कारण. त्याच सुमारास त्याला अटक होऊन तो लष्करी गुप्तचर खात्याच्या कोठडीत गेला. महिना संपायच्या आत कनारियास आणि बानप्रो अवसायनात काढल्या, उरलेल्या दोन डिसेंबरमध्ये ‘बिसेन्तेनारिओ’ या नव्या सरकारी बँकेत विलीन झाल्या.

आता सांगा, यात बुडालं काय? गिऱ्हाईक सरकार, दर ठरवणारं सरकार, डॉलर देणारं सरकार. धन्याने किल्ल्या परत घेतल्या, एवढंच झालं.

सरळसोट

काका, कोठावळा शब्द झकास, पण गणित चुकलं. ट्रक कोणाचे होते? चावेझने वाटले नव्हते. अख्खा व्यापारी वर्ग एकीकडे असताना हा माणूस दुसरीकडे गेला. संप यशस्वी झाला असता आणि चावेझ गेला असता, तर फर्नांडेसला त्या देशात कोणी उभं केलं असतं का? एप्रिल 2002 च्या बंडात चावेझ दोन दिवस पदच्युत झालाच होता, हे विसरू नका. यालाच जोखीम म्हणतात. ती फळली की ‘सरकारी मुनीम’ म्हणून नाकं मुरडायची?

दुसरं, 2003 पासून तिथे दरनियंत्रणही होतं आणि परकीय चलनावर नियंत्रणही. सरकारशी संबंध न ठेवता पीठ दळणारा एक गिरणीवाला दाखवा. सगळेच दारात उभे होते. याला आत बोलावलं, एवढाच फरक.

जुना हिशेबनीस

@सरळसोट, ‘एवढाच फरक’ केवढ्याचा होता ते मांडून दाखवतो. आयुष्य तपासणीत गेलं, त्यामुळे खोड जात नाही.

चलन देणाऱ्या खात्याचं नाव कादिवी. 2005 पासून सरकारी भाव 2.15 बोलिव्हारला एक डॉलर (2008 मध्ये तीन शून्यं उडाली, नव्या चलनात सांगतोय). 2009 च्या अखेरीस बाहेर तोच डॉलर पाचाच्या पुढे. धान्य आयातीच्या नावाने दहा लाख डॉलर मंजूर झाले की तुम्ही भरणार साडेएकवीस लाख बोलिव्हार, आणि बाहेर त्याची किंमत पन्नास लाखांच्या वर. माल बंदराला लागण्याआधीच धंदा झाला! अमुकच आयातदाराने असं केलं, असा आरोप मी करत नाही. पण ज्या देशात मंजुरीचा कागद मालापेक्षा महाग, तिथे हुशार माणूस गिरणी चालवत नाही, कागद सांभाळतो.

आणि बँका का घेतल्या? तीही गंमत ऐका. सरकारी खाती आपला पैसा खासगी बँकांत ठेवत. बँक त्याच पैशातून सरकारी रोखे घेई आणि व्याज खाई. म्हणजे सरकार स्वतःचेच पैसे उसने घेऊन वर व्याज भरतंय, मधल्याला बसल्या जागी उत्पन्न. जुलै 2008 मध्ये तेल पिंपामागे 147 डॉलरला टेकलेलं असताना हे कोणाच्या डोळ्यांवर आलं नाही. डिसेंबरपर्यंत ते चाळिशीच्या खाली घसरलं. मग धन्याने कोठारातली पोती मोजायला घेतली.

लाल डबा

पॉपकॉर्न संपले म्हणून लिहितोय. 😀

तुम्ही दोघंही एक गोष्ट गिळताय. चावेझने स्वतःच्या माणसांवर हात टाकला. त्याच वेळी बँकर आर्ने चाकोनलाही अटक झाली. त्याचा सख्खा भाऊ हेसे चाकोन मंत्रिमंडळात, चावेझच्या 1992 च्या बंडातला जुना साथीदार. त्याला राजीनामा द्यावा लागला. किती देशांत मंत्र्याचा भाऊ असा आत जातो?

आणि आधीचं सोज्वळ राज्य पाहा. जानेवारी 1994 मध्ये बांको लातिनो कोसळली, देशातल्या सगळ्यांत मोठ्या बँकांपैकी एक. पाठोपाठ बँकांची रांग लागली, पैसा सरकारने ओतला आणि कित्येक बँकर परदेशी पळाले. त्याआधीचा रेकादी घोटाळा म्हणजे ऐंशीच्या दशकातली कादिवीच, तेच स्वस्त डॉलर. एवढ्या प्रचंड प्रकरणात तुरुंगात कोण गेलं? एक चिनी वंशाचा व्यापारी. ‘रेकादीचा चिनी’ ही तिथे म्हणच पडलीय. त्या मानाने 2009 मध्ये निदान योग्य गळ्यात दोर पडला.

मनवा_कराडकर

लाल डबा, गळा योग्य असेलही. दोर कोण ओढतंय ते पाहायचं की नाही?

त्याच डिसेंबरमधली दुसरी केस बघा. एलिहियो सेदेन्यो हा बँकर फेब्रुवारी 2007 पासून आत, खटला रेंगाळलेला. कायद्याने खटल्याविना कोठडीची मर्यादा दोन वर्षं, ती उलटली होती. 10 डिसेंबर 2009 रोजी न्यायाधीश मारिया लुर्देस अफियुनी यांनी त्याला सोडलं. त्याच दिवशी न्यायाधीशबाईंनाच अटक! चावेझने टीव्हीवरून त्यांना 30 वर्षं आत टाका अशी मागणी केली. सेदेन्यो अमेरिकेला निसटला, बाई तुरुंगात. फर्नांडेसच्या अटकेनंतर महिनाही झाला नव्हता.

आता फर्नांडेस दोषी होता की नव्हता, हे त्या देशातल्या कोर्टाच्या निकालावरून कसं ठरवणार? मला तो मुळीच आवडत नाही. पण हिशेबनीस काका, ‘धन्याने किल्ल्या परत घेतल्या’ हे वाक्य तुम्ही फार आरामात लिहिलंत. किल्ल्या नुसत्या कोठाराच्या नव्हत्या. कोठडीच्याही होत्या.

जुना हिशेबनीस

मनवाताई, हे मान्य. ते वाक्य लिहिताना मी फक्त माणसाकडे बघत होतो.

गोदाकाठची सुमन

मला अर्थशास्त्र कळत नाही, ठेवी कळतात. एका सहकारी पतपेढीत आमच्या सासऱ्यांच्या निवृत्तीचे पैसे अडकले होते. तेव्हा अध्यक्ष चोर की सरकार चोर यावर पेपरात रोज वाद. आमच्या घरी रोजचा प्रश्न एकच, औषधं कशातून आणायची? कनारियास आणि बानप्रोच्या दारात उभ्या असलेल्यांची तुमच्यापैकी एकानेही आठवण काढली नाही. सरकारने ठेवींची हमी वाढवली, पैसे टप्प्याटप्प्याने मिळाले हे खरं, पण नाताळ तोंडावर असताना!

आणि मेरकालला हसू नका. स्वस्तात डाळ-तांदूळ मिळणं ही रांगेतल्या बाईसाठी थट्टा नसते.

सरळसोट

सुमनताई, मेरकालला कोणी हसत नाहीये. पण झार गेल्यावर काय झालं ते बघा. 2010 मध्ये पुएर्तो काबेयो बंदरात सरकारी कंपनीने आणलेलं हजारो टन अन्न कंटेनरमध्ये कुजलेलं सापडलं. ती कंपनी तेल कंपनीच्याच पोटातली, नाव पीडीव्हाल. लोकांनी तिला ‘पुद्रेव्हाल’ म्हणायला सुरुवात केली, ‘पुद्रे’ म्हणजे कुजणे. फर्नांडेस लबाड असेल, त्याचा माल निदान दुकानापर्यंत पोचायचा. काकांचा कोठावळा हाकलला आणि कोठाराला बुरशी आली. घ्या!

जुना हिशेबनीस

कुजकं अन्न हा फर्नांडेसच्या बाजूचा पुरावा कसा? डॉलर मंजूर करून घेण्यातच कमाई असली की माल सडला काय, पोचला काय. खासगी माणूस जाऊन सरकारी आला, रोग तोच. पुढे 2016 पासून सरकारी धान्याच्या पेट्या आल्या आणि त्या पुरवणारा आलेक्स साब आला. कोलंबियाचा व्यापारी, 2020 मध्ये केप व्हर्दला विमान थांबलं तिथे पकडला गेला, अमेरिकेच्या तुरुंगात जाऊन कैद्यांच्या अदलाबदलीत 2023 मध्ये सुटला आणि 2024 मध्ये चक्क उद्योगमंत्री झाला. हा कोठावळा तर थेट दिवाणखान्यात.

खरा उद्योगपती बघायचा तर पोलार या पीठ आणि बिअरच्या कंपनीचा लोरेन्झो मेंदोझा. घराण्याचं ‘हारिना पान’ हे मक्याचं पीठ 1960 पासून घराघरात. चावेझने उघड धमक्या दिल्या, त्याच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या मादुरोने टीव्हीवर शिव्या घातल्या, तरी कंपनी उभी. कारण तिचं गिऱ्हाईक रोज सकाळी अरेपा (मक्याची जाड भाकरी) थापणारी बाई, मंत्री नव्हे.

सरळसोट

मग एप्रिल 2016 मध्ये पोलारची बिअर का बंद पडली? बार्ली आणायला डॉलर नव्हते म्हणून! तुमचा खरा उद्योगपतीही त्याच दारात उभा होता, काका. फक्त त्याला आत घेतलं नाही. मी पहिल्याच प्रतिसादात हेच म्हणालो होतो.

जुना हिशेबनीस

बिअर बंद पडली, पोलार नाही पडली. फर्नांडेसचं एका महिन्यात होत्याचं नव्हतं झालं. या दोन वाक्यांत जे अंतर आहे तेवढंच मला म्हणायचंय, आणि त्यावरून मी हटणार नाही. बाकी मनवाताईंचा मुद्दा धाग्याच्या मथळ्यात यायला हवा होता. संपादकांनो, मथळा बदलता येतो का?

लाल डबा

मथळ्यात ‘कोठडीवाला’ करा. 😀

हडसनपार

अवांतर: इथे न्यू जर्सीत ते पिवळ्या पिशवीतलं पान पीठ सर्रास मिळतं. नुसतं मीठ-पाणी घालून मळायचं आणि जाड थापून तव्यावर टाकायचं. आमची आई त्यात कांदा-मिरची घालून थालीपीठ लावते, छान होतं. हा धागा वाचून पिशवी उलटी करून बघितली. उत्पादन: कोलंबिया.